खुन्याला मत, परदेशस्थाला ठेंगा?

“युरोपच्या मानवाधिकार न्यायालयाने खुन्यांना मताधिकार दिला आणि परदेशात राहणाऱ्या सरळमार्गी नागरिकांना ठेंगा दाखवला.” ब्रिटनमध्ये कित्येक वर्षं फिरणारा हा दावा आता आपल्याकडच्या व्हॉट्सॲप ग्रुपांवरही येतो. खाली पुस्ती असते: युरोपीय संघाची दादागिरी, कैद्यांना भरपाईची खिरापत, आणि ‘बरं झालं, आपण त्यात नाही!’

युरोपीय संघाचं आधी उरकू. फ्रान्समधल्या स्ट्रासबुरचं हे न्यायालय त्या संघाचं नव्हेच, ते ‘युरोप परिषद’ या वेगळ्या संस्थेचं आहे. ब्रिटन 2020 मध्ये संघातून बाहेर पडला, तरी या न्यायालयाच्या कक्षेत आहेच.

आता ‘खुन्यांना मत’. हा सगळा गदारोळ जॉन हर्स्ट या कैद्याच्या खटल्यावरून उठला. मनुष्यवधासाठी जन्मठेप झालेला माणूस. त्याची बाजू घ्यावी असं कुणालाच वाटणार नाही. पण 6 ऑक्टोबर 2005 रोजी 12 विरुद्ध 5 मतांनी लागलेला निकाल हर्स्टला मत द्या असं म्हणतच नाही. न्यायालयाचा आक्षेप सरसकटपणावर होता. ब्रिटनमध्ये कैद्यांच्या मतदानावर असलेल्या बंदीची मुळं 1870 च्या कायद्यात, आणि ती सुमारे 48 हजार कैद्यांना एकाच मापाने लागू. किरकोळ चोरीसाठी काही आठवडे आत गेलेला आणि जन्मठेपेचा कैदी, दोघंही सारखेच. रेषा कुठे आखायची ते तुमच्या संसदेने ठरवावं, पण विचार करून ठरवावं, एवढंच न्यायालय म्हणालं. पाच न्यायाधीशांना तेवढंही पटलं नव्हतं, हेही सांगायला हवं.

मग ‘खुन्यां’चं काय? फ्रान्को स्कोप्पोला या इटालियन माणसाने बायकोचा खून केला होता आणि कायद्याने त्याचा मताधिकार कायमचा गेला होता. तो याच न्यायालयात गेला आणि 22 मे 2012 रोजी हरला. इटलीत बंदी तीन वर्षं किंवा त्याहून मोठ्या शिक्षेपासून सुरू होते, म्हणजे गुन्ह्याचं वजन पाहिलं जातं. न्यायालयाला तेवढं पुरलं. व्हॉट्सॲपवरच्या त्या मजकुरात हा निकाल कधीच सापडत नाही.

भरपाईची खिरापतही हवेतलीच. हर्स्टला नुकसानभरपाई म्हणून काहीही मिळालं नाही, फक्त खटल्याचा खर्च मिळाला. नंतरच्या ब्रिटिश कैद्यांचीही भरपाईची मागणी फेटाळली गेली. आणि दादागिरी म्हणाल, तर ब्रिटिश संसदेने 2011 मध्ये 234 विरुद्ध 22 मतांनी बंदी कायम ठेवण्याचा कौल दिला. तरीही आभाळ कोसळलं नाही. अखेर तात्पुरत्या रजेवर बाहेर असलेल्या कैद्यांना मत देता येईल एवढी सवलत सरकारने देऊ केली आणि 2018 मध्ये प्रकरण मिटलं. सरकारच्याच अंदाजाने त्याचा फायदा जेमतेम शंभरेक जणांना!

परदेशस्थांबद्दल मात्र दाव्यात थोडं तथ्य आहे. परदेशातूनच मत देण्याची सोय मागणारे, फ्रान्समध्ये राहणारे दोन ग्रीक नागरिक मार्च 2012 मध्ये याच न्यायालयात हरले. स्कोप्पोलाच्या दोनच महिने आधी. ब्रिटनचे माजी सैनिक हॅरी शिंडलर 1982 पासून इटलीत होते. पंधरा वर्षं देशाबाहेर राहिलं की मत जायचं, त्या नियमाविरुद्ध ते 2013 मध्ये हरले. देशाबाहेर गेलेल्याला तिथल्या कायद्यांची झळ कमी बसते, हा न्यायालयाचा तर्क. पेन्शन मायदेशातून येणाऱ्या म्हाताऱ्याला तो पटणार नाही, मलाही पुरता पटत नाही. पण न्यायालयाने हक्क काढून घेतला नव्हता. नियम संसदेचा होता आणि संसदेनेच तो रद्द केला. ही दुरुस्ती जानेवारी 2024 मध्ये लागू झाली. शिंडलर त्याआधीच, 2023 मध्ये, 101 व्या वर्षी गेले.

राहिलं ‘बरं झालं, आपण त्यात नाही’. लंडनमध्ये राहणारा भारतीय पासपोर्टधारक मराठी माणूस राष्ट्रकुलाचा नागरिक म्हणून ब्रिटिश संसदेसाठी मत देऊ शकतो. भारतातल्या मतासाठी मात्र, नाव यादीत असलं तरी, त्याला विमानाचं तिकीट काढून स्वतःच्या मतदारसंघात यावं लागतं. ब्रिटनमध्ये खटला सुरू असलेला कैदी मत देतो. आपल्या लोकप्रतिनिधित्व कायद्याच्या कलम 62(5) मध्ये कच्च्या कैद्यालाही मत नाही, सूट फक्त प्रतिबंधात्मक स्थानबद्धांना. 2013 च्या दुरुस्तीने त्याला निवडणूक लढवायची मुभा मात्र ठेवली. म्हणजे आर्थर रोडमधला कच्चा कैदी उमेदवारी अर्ज भरू शकतो, फक्त स्वतःला मत देऊ शकत नाही.