शुल्क नाही त्याला डर कशाला

आमच्या सोसायटीत सेक्रेटरी व्हायला एकच पात्रता लागते : घरात चालू स्थितीतला प्रिंटर. माझ्याकडे तो होता. लेकीच्या दहावीच्या प्रोजेक्टांसाठी घेतलेला, नंतर क्रोशाचा रुमाल पांघरून कोपऱ्यात बसवलेला. सत्यनारायणाच्या प्रसादाला आलेल्या कुणाच्या तरी नजरेस तो पडला आणि पुढच्या सभेत माझं नाव सुचवलं गेलं, त्याला अनुमोदनही मिळालं. मी तेव्हा जिन्यात चपला शोधत होतो.

सेक्रेटरीचं काम म्हणजे भांडणं सोडवणं आणि टँकर बोलावणं, अशी माझी समजूत होती. भांडणं आपली आपण मिटतात, नवं पेटलं की जुनं कुणाच्या लक्षात राहत नाही. खरं काम टायपिंगचं. नोटिसा, इतिवृत्तं, याद्या, आणि सगळ्यांचा बाप म्हणजे वार्षिक अहवाल. सहकार कायद्याप्रमाणे वार्षिक सर्वसाधारण सभा 30 सप्टेंबरच्या आत उरकावी लागते आणि तिची सूचना 14 पूर्ण दिवस आधी सभासदांच्या हातात पडावी लागते. म्हणजे अहवाल तयार हवा नेमका अशा वेळी, जेव्हा अर्धी डोंबिवली गणपतीसाठी कोकणात असते आणि उरलेली अर्धी आरत्यांत.

मावळत्या सेक्रेटरींनी माझ्या तळहातावर पेन ड्राइव्ह ठेवला. "सगळं तयार आहे. नुसतं साल बदलायचं."

फाइल उघडली तर पडद्यावर रोमन अक्षरांची भेळ. एक मराठी अक्षर दिसेल तर शपथ. शनिवारी भाचा आला. हिंजवडीला नोकरी करतो, मामीच्या हातचं जेवायला इकडे येतो. त्याने एका नजरेत निदान केलं, "मामा, ही कृतिदेवमधली फाइल आहे. तुझ्याकडे तो फॉन्टच नाही." मग त्याने मला जे समजावलं त्याने माझी झोप उडाली. या जुन्या फॉन्टांत आतून सगळं इंग्रजीच असतं, वरून नुसतं मराठीचं पांघरूण. 'भारत' हा शब्द कॉम्प्युटरच्या लेखी तिथे 'एच के के जे आर' असा असतो. एच म्हणजे अर्धा भ, पहिला के म्हणजे त्या भचा दांडा, दुसरा के म्हणजे काना, जे म्हणजे र, आर म्हणजे त. फॉन्ट गेला की पांघरूण गेलं, आणि इतकी वर्षं आपण ज्याला भारत म्हणत होतो तो 'एचकेकेजेआर' म्हणून उघड्यावर येतो. युनिकोडमध्ये, म्हणजे प्रत्येक अक्षराला स्वतःचा क्रमांक देणाऱ्या पद्धतीत, भ हा भच असतो, तो कुठेही गेला तरी.

भाच्याने कुठल्याशा कन्व्हर्टरमध्ये मजकूर घातला आणि दोन मिनिटांत अहवाल मराठीत आणून दिला. एक गोम राहिली. 'तिसऱ्या मजल्याची गळती' होती तिथे 'तिसर्या' झालं होतं. 'कचऱ्याची गाडी', 'पायऱ्यांच्या फरश्या', सगळीकडे रफार य च्या डोक्यावर चढून बसलेला. आचाऱ्यांना आणि आचार्यांना एकाच पंगतीला बसवण्यातला हा प्रकार. भाचा म्हणाला, "वर्डमध्ये हव्या त्या अक्षराचा क्रमांक, 0931, टाइप कर आणि ऑल्ट धरून एक्स दाब." दाबलं. आकडे गेले आणि तिथे ऱ अवतरला. मी दोनदा पुन्हा करून पाहिलं, नुसतं बघायला.

"आता हा एकेका ठिकाणी घालत बसू?"

"कंट्रोल-एच, मामा. शोधा आणि बदला."

मी उत्साहाने 'र्य'च्या जागी 'ऱ्य' टाकून 'सर्व बदला'वर बोट नेलं. भाच्याने माझं मनगट धरलं. "अरे थांब, कार्यकारिणीची काऱ्यकारिणी होईल." मग त्याने 'सर्या', 'चर्या', 'यर्या' असे तुकडे पाडून बदल केले. मला मात्र त्यातलं मनगट आठवलं नाही, वेग तेवढा डोक्यात बसला.

त्या रात्री भाच्याने मला वेळ वाचवायच्या क्लृप्त्यांचा पाऊसच पाडला. नवं पान हवं असेल तर एन्टर बडवत खाली जायचं नाही, कंट्रोल-एन्टर. परिच्छेद वर-खाली सरकवायचा तर ऑल्ट-शिफ्ट धरून बाणाची कळ. वाक्याच्या कुठल्याही शब्दावर कंट्रोल धरून क्लिक केलं की अख्खं वाक्य निवडलं जातं. शिफ्ट-एफ3 ने लहान लिपीतली अक्षरं मोठ्या लिपीत होतात. ही युक्ती मी बाद केली, आपल्याकडे सगळी अक्षरं एकाच शिरोरेघेखाली समान मानाने नांदतात.

पण ज्याने मला खरोखर हादरवलं ते कंट्रोल-शिफ्ट-8. ते दाबलं की कागदावर न दिसणाऱ्या खुणा दिसू लागतात. जिथे स्पेस दिली तिथे ठिपका. सभासदांची यादी उघडून मी ते दाबलं आणि पडदाभर मोहरी सांडली. माझ्या आधीच्या तीन सेक्रेटऱ्यांनी नाव आणि फ्लॅट नंबर यांच्यामधलं अंतर स्पेसबारने भरलं होतं. कुठे 19 ठिपके, कुठे 26. कोणी गेलं, भाडेकरू आला, नाव लांबलं की आकडा घसरे, मग पुढचा सेक्रेटरी मोहरी टाकून तो परत ओळीत आणे. 'टॅब' नावाची कळ डाव्या हाताला नुसती पडून होती. मला त्या तिघांविषयी राग यायला हवा होता. आलं ते भरून. किती संध्याकाळी गेल्या असतील त्यांच्या या ठिपक्यांत!

माझे वडील कोर्टात टंकलेखक होते. तीन कार्बन घालून ते अर्ज टाइप करत. एक अक्षर चुकलं तर खोडरबर चारही कागदांवर चालवायचा, त्यामुळे कळ दाबण्याआधी ते विचार करत. कापा, उचला, चिकटवा ही सोय कॉम्प्युटरवर आणणाऱ्यांत लॅरी टेस्लर हे नाव पहिलं घेतात. 1970 च्या दशकात, अमेरिकेतल्या झेरॉक्सच्या संशोधन केंद्रात त्यांनी ते काम केलं, 2020 साली ते गेले. थोर माणूस. पण वडील दिवसाकाठी दोन-तीन चुका करायचे. माझा उच्चांक पुढे येतोच आहे.

आधी 'चर'ची गोष्ट सांगतो. आपोआप दुरुस्तीच्या खात्यात आपल्याला हवी ती संक्षिप्त खूण घालून ठेवता येते. ती टाइप करून स्पेस दिली की पूर्ण मजकूर उमटतो. आमच्या इतिवृत्तात दर चौथ्या ओळीला 'चर्चा होऊन ठराव सर्वानुमते मंजूर करण्यात आला' हे वाक्य येतं. मी त्याला 'चर' अशी खूण दिली आणि आयुष्यातली बरीच वर्षं वाचवल्याच्या समाधानात झोपलो. आठवड्याने मागच्या आवाराबद्दलची सूचना लिहिली. ती जिन्यात चार दिवस लागून होती, तेव्हा कुठे कुणीतरी मोठ्याने वाचली : 'पावसाचे पाणी तुंबू नये म्हणून तातडीने चर्चा होऊन ठराव सर्वानुमते मंजूर करण्यात आला खणावा.' खरं म्हणजे झालंही तेच होतं. चर अजून खणलेला नाही.

आता मुख्य प्रकरण. 14 सप्टेंबरची रात्र, साडेअकरा. सभा 30 तारखेला, म्हणजे 14 पूर्ण दिवस राखायचे तर 15 ला सूचना आणि अहवाल दारोदार पोचायलाच हवा. फाइल तयार, क्रोशाचा रुमाल काढलेला, कागद भरलेला. तेवढ्यात बोरकर काकांचा फोन. काका विक्रीकर खात्यातून निवृत्त झालेत आणि कच्चा मसुदा वाचायला त्यांनीच मागून नेला होता.

"साळगावकर, हे 'देखभाल कर', 'पार्किंग कर' काय लावलंय? कर बसवायचा अधिकार सरकारचा. सोसायटी कर घेत नाही. सोसायटी शुल्क घेते."

"बदलतो, काका."

"सगळीकडे बदला."

सगळीकडेच बदललं. कंट्रोल-एच. शोधा : कर. बदला : शुल्क. सर्व बदला. भाचा पुण्याला होता, त्यामुळे मनगट धरायला कोणी नव्हतं. पडद्यावर उत्तर आलं, 117 बदल केले. माझ्या मनात एवढंच आलं की बाप रे, किती कर लावत होतो आपण लोकांना! फाइल सेव्ह केली, बंद केली, 24 प्रती काढल्या, स्टेपल केल्या आणि सकाळी सहाला वॉचमनच्या हाती दिल्या.

सव्वासातला पहिली बेल वाजली. दारात पेडणेकर काकू, हातात अहवाल.

"भावजी, आम्ही मेंटेनन्स एप्रिलमध्येच भरलाय. पावती आहे माझ्याकडे."

"हो काकू, मग?"

"मग आमच्या नावाला शुल्क कशाला चिकटवलंय?"

मी कागद हातात घेतला. फ्लॅट नंबर 7, श्री. पेडणेशुल्क. त्याखाली नेरुरशुल्क, आचरेशुल्क, वेंगुर्लेशुल्क. आमची इमारत कोकणातल्या लोकांनी बांधलेली, 24 बिऱ्हाडांत 11 आडनावं 'कर'ने संपणारी. अकराच्या अकरा शुल्कपात्र ठरली होती. नजर खाली घसरत गेली. 'लिफ्ट लवशुल्क दुरुस्त शुल्कण्यात येईल.' 'मशुल्क संक्रांतीचे हळदीकुंकू उत्साहात पार पडले.' 'गच्चीच्या गळतीचे प्रशुल्कण अद्याप प्रलंबित आहे.' आणि ज्येष्ठ सभासदांच्या गौरवाच्या परिच्छेदात, 'विक्रीशुल्क खात्यातून निवृत्त झालेले श्री. बोरशुल्क यांचे मार्गदर्शन लाभले.'

साडेसातपर्यंत जिन्यात रांग लागली. गंमत अशी की अकराही घरं नियमाने पैसे भरणारी आणि आपलं नाव थकबाकीदारांत आलं म्हणून हवालदिल. खरे थकबाकीदार तिसऱ्या मजल्यावरचे पाटील. तीन वर्षं एक रुपया नाही. त्यांच्या नावात 'कर' नसल्यामुळे ते यादीत स्वच्छ, निष्कलंक उभे होते. दूध घेऊन वर जाताना त्यांनी गर्दीकडे पाहिलं, हातातला अहवाल हलवला आणि म्हणाले, "शुल्क नाही त्याला डर कशाला?"

भाच्याला फोन लावला. "कंट्रोल-झेड केलंस का?" केलं होतं. पण फाइल एकदा बंद केली की तिला मागचं काही आठवत नाही.

"मग उलटं कर ना, शुल्कचं कर."

"त्यात हस्तांतर शुल्क आणि प्रवेश शुल्क आधीपासून होतं. त्यांचाही कर होईल. आणि बोरकर काका परत फोन करतील."

पलीकडे शांतता. मग तो हळूच म्हणाला, "मामा, निदान 'कर'च्या मागेपुढे स्पेस तरी द्यायचीस." म्हणजे बघा, तीन सेक्रेटऱ्यांनी जन्मभर जी मोहरी उधळली, तिचे दोन दाणे मी वेळेवर टाकले असते तर अकरा घराणी वाचली असती.

ऑफिसला रजा टाकली. 117 जागा एकेक करून तपासायला बसलो. ही कर, ती शुल्क. दुपारी एकच्या सुमाराला अशी अवस्था आली की 'करंजी' हा शब्द बरोबर आहे की नाही हे मला सांगता येईना. बायकोने दारातून विचारलं, "अहो, चहा शुल्कू का थोडा?" मी तिच्याकडे बघितलंही नाही.

तेवढ्यात बोरकर काका आले. त्यांनी आपली छापील प्रत लाल पेनाने तपासून आणली होती, सगळ्या चुका गोल केलेल्या, समासात दुरुस्त्या. "किती वेळ लागला काका?" "चाळीस मिनिटं. मधे बातम्या बघितल्या." स्वतःच्या आडनावाला मात्र त्यांनी तीनदा गोल केला होता. त्यांची प्रत शेजारी ठेवून मी उरलेलं उरकलं, संध्याकाळी पाचला नव्या 24 प्रती वॉचमनकडे गेल्या. 15 तारीख उलटली नाही. कायदा शाबूत राहिला.

सभा 30 ला वेळेवर झाली, म्हणजे पाऊण तास उशिरा. 'मागील इतिवृत्त वाचून कायम करणे' झालं, हिशेब झाले, गळतीवर नेहमीचा वाद झाला. मी सुटकेचा श्वास सोडणार तोच शेवटच्या रांगेतून पाटील उठले. तीन वर्षांत पहिल्यांदा ते सभेत बोलत होते. हातात दुरुस्त केलेला अहवाल, शेवटचं पान उघडलेलं, जिथे सही असते आणि म्हणून जिथे माझ्यासकट कुणीही बघत नाही. काकांचा लाल गोलही तिथे पोचला नव्हता.

"मी माझी थकबाकी भरायला तयार आहे," पाटील म्हणाले. सभागृहात टाळ्या. "फक्त एवढंच विचारायचं होतं, ती या साळगावशुल्कांकडेच द्यायची ना?"