‘अबँडन’च्या पुढे

इंग्रजी शब्दसंपत्ती वाढवण्याचा संकल्प वारंवार सोडणारा माणूस मला लगेच ओळखू येतो. ‘अबँडन’, ‘अबेट’, ‘अ‍ॅबहॉर’ हे शब्द तो झोपेतून उठवलं तरी सांगतो. ‘बी’पासून पुढे अंधार. दर संकल्पाला नवी वही, आणि वही सुरू होते ‘ए’पासूनच.

वर्णानुक्रम शब्द सापडावा म्हणून आहे, पाठ व्हावा म्हणून नव्हे. सारखे दिसणारे शब्द एकाच दिवशी घोकले की त्यांची सरमिसळ होते. ‘अडॉप्ट’ आणि ‘अडॅप्ट’ जोडीने शिकलेला माणूस पुढे परिस्थिती दत्तक घेतो आणि मुलाशी जुळवून घेतो. एक पक्का होऊ द्यावा, दुसऱ्याला पंधरा दिवसांनी बोलवावं.

सुरुवात साध्या शब्दांपासून करावी, म्हणजे इथेच अनेकांचा अपमान होतो. इंग्रजीचे अध्यापक मायकेल वेस्ट यांनी १९५३ साली सुमारे २००० नित्योपयोगी शब्दांची यादी काढली. सर्वसाधारण मजकुरातला सुमारे ८० टक्के भाग तेवढ्यात येतो. पण ‘पुट’ येतो म्हणणाऱ्याला ‘पुट अप विथ’ (म्हणजे सहन करणं) विचारा. ‘पुट ऑफ’, म्हणजे पुढे ढकलणं, तर आपण वर्षानुवर्षं आचरणात आणतोय, फक्त त्याला काय म्हणतात ते ठाऊक नसतं.

आता पाठांतर. यादीवरून नजर फिरवून ‘हो हो, येतो की’ म्हणणं ही निव्वळ ओळख झाली. बोलताना हा ओळखीचा इसम हाकेला येत नाही. त्यावर पत्रकार सेबास्टियन लाइटनर यांनी १९७२ साली सुचवलेला कप्प्यांचा डबा मला सगळ्यात प्रामाणिक वाटतो. दर शब्दाला एक कार्ड, आणि डब्याचे पाच कप्पे करा. नवं कार्ड पहिल्यात. पहिला रोज, दुसरा दिवसाआड, तिसरा आठवड्याने, चौथा पंधरवड्याने, पाचवा महिन्याने उघडा. उत्तर बरोबर आलं की कार्ड पुढच्या कप्प्यात. चुकलं की थेट पहिल्यात, मग ते चौथ्यापर्यंत पोचलेलं का असेना. कार्डाच्या पुढे गाळलेल्या जागेचं वाक्य, मागे शब्द. उलटण्याआधी उत्तर मोठ्याने म्हणायचं. मनातल्या मनात म्हटलेलं उत्तर कार्ड उलटल्यावर आपोआप बरोबर होतं, हा मनुष्यस्वभाव आहे.

रोज नवी कार्डं पाचच. उत्साही लोक पहिल्याच दिवशी पन्नास करतात आणि आठवड्याभरात पहिला कप्पा बंद होईनासा होतो. तसं झालं तर नवी भरती थांबवून आधी थकबाकी संपवा.

गाळलेल्या जागेचं वाक्य कशासाठी? तर शब्द कोणाच्या सोबतीने वावरतो ते कळावं म्हणून. मराठीत पाऊसही जोराचा आणि वाराही जोराचा. इंग्रजीत पाऊस ‘हेवी’ आणि वारा ‘स्ट्राँग’. नुसता अर्थ पाठ करणाऱ्याचा वारा हमखास जड होतो.

शेवटी शब्द वापरायलाही हवा, शक्यतो त्याच आठवड्यात. मात्र रजेच्या अर्जात एकच नवा शब्द घाला, आणि तो वाचून साहेबांना एखादा आजार वाटणार नाही एवढं बघा.