लिहून काय ठेवायचं त्यात?

सगळ्यात आधी हातातला कागद खाली ठेवा. पेनही. नियोजन ही डोक्यात करायची गोष्ट आहे. ज्यांना कामं ऐन वेळी आठवत नाहीत, आठवली तर सुरू होत नाहीत, सुरू झाली तर तडीस जात नाहीत आणि 'अर्ध्या तासाचं तर काम आहे' असं ज्यांना दर वेळी अगदी मनापासून वाटतं, त्यांच्यासाठी हे मार्गदर्शन आहे. तुमच्यापैकी काहींना डॉक्टरांनी एडीएचडी (लक्ष टिकवणं आणि स्वतःला आवरणं ज्यात अवघड जातं ती अवस्था) असं नाव सांगितलं असेल. काहींना घरच्यांनीच वेंधळा, धांदरट, आरंभशूर यांपैकी एखादं बहाल केलं असेल. उपाय दोघांनाही एकच. मनावर घ्या.

हे मी अधिकाराने सांगतोय. अव्वल कारकून म्हणून निवृत्त झालो आणि आयुष्यभर सगळं डोक्यात ठेवलं. घरातही तेच. गॅस कधी लावायचा, दुधाचे खाडे किती झाले, कोणाच्या मुंजीला आपण काय आहेर केला होता, आमच्याकडे सगळं आपोआप वेळेवर होतं. स्वयंपाकघरातल्या कालनिर्णयच्या चौकोनांत हिच्या अक्षरात काहीबाही खरडलेलं असतं. 'दूध अर्धा कमी', 'बाई नाही', 'ह्यांची शुगर, उपाशीपोटी'. मी ते कधी वाचत नाही, कधी गरजच पडली नाही. आदल्या रात्री जेवताना ही सांगतेच, "अहो, उद्या सकाळी चहा मागू नका." अशी शिस्त अंगी बाणवायला वर्षं जातात, तुम्हाला एकदम जमणार नाही.

अगदीच राहवत नसेल तर जानेवारीत एक डायरी घ्या. जाड पुठ्ठ्याची. सोबत चार रंगांची पेनं, खुणेसाठी चिकटपट्ट्या, जमलं तर पट्टी. मग कोणता रंग कशाला, हे ठरवण्यात एक रविवार घालवा. नमनाला घडाभर तेल लागलं पाहिजे, त्याशिवाय काम सुरू झाल्यासारखं वाटत नाही. मकर संक्रांतीनंतर ती डायरी कपाटात गेली तरी बिघडत नाही. पुढे किराण्याच्या याद्या करायला कोरी पानं होतातच.

आमची एक भाची मानसशास्त्र शिकते. (नोकरीचं विचारलं की विषय बदलते.) ती म्हणते, "मामा, डोक्यात एका वेळी मावतातच किती गोष्टी? चार!" १९५६ साली जॉर्ज मिलर नावाच्या गृहस्थांनी सातच्या आसपास सांगितल्या होत्या, २००१ मध्ये नेल्सन कोवान यांनी हिशोब करून त्या चारवर आणल्या. महागाई सगळीकडेच आहे.

तिचं आणखी एक आवडतं माणूस आहे, फिनिअस गेज. अमेरिकेत व्हरमाँटला रेल्वेच्या कामावर मुकादम होता. १८४८ च्या सप्टेंबरात सुरुंगाची दारू ठासताना स्फोट झाला आणि साडेतीन फुटांहून लांब पहार गालाखालून शिरून डोक्यातून आरपार गेली. माणूस जगला. चालत होता, बोलत होता. पण त्याच्या डॉक्टरांनी, हार्लो यांनी, वीस वर्षांनी लिहून ठेवलंय की हा भावी बेत भराभर रचतो आणि रचून होतात न होतात तोच सोडून दुसऱ्याच्या मागे लागतो. आधी हाच माणूस हाती घेतलेलं काम चिवटपणे पुरं करणारा होता. कपाळामागचा मेंदूचा भाग हे काम बघतो, ही समजूत पुढे पक्की होत गेली. भाची म्हणते, काहींच्या बाबतीत कुठलाही अपघात न होता, जन्मापासूनच ही यंत्रणा जरा वेगळी चालते. एडीएचडी म्हणायला लक्षणं वयाच्या बाराव्या वर्षाआधीपासून असावी लागतात म्हणे. म्हणजे प्रगतिपुस्तकात 'हुशार आहे, पण लक्ष नसते' हा शेरा मारणाऱ्या बाईंनी निदान केव्हाच केलं होतं, फक्त उपचार म्हणून बाकावर उभं केलं.

मी तिला एकच विचारलं, यांच्या डोक्यातून पहार गेलीय का? नाही ना? मग?

ती तेवढ्यावर थांबत नाही. हा गेज पुढे चिलीला गेला आणि तिथे काही वर्षं घोडागाडी हाकत होता. ठरलेला रस्ता, ठरलेली वेळ, पुढे घोडे, मागे प्रवासी, चुकलं तर लगेच कळणार. काही अभ्यासकांना वाटतं की या बांधलेल्या दिनक्रमामुळेच तो बराच सावरला असावा. बघा, कामाला जुंपलं की माणूस सरळ होतो, हे मी म्हणतच होतो. रस्ता, वेळ, घोडे वगैरे तपशील गौण आहेत.

तुमच्यापैकी काही जण म्हणतील, "पण मला कळतं सगळं, परीक्षेत मार्कही मिळतात, बाजारात गेल्यावर मात्र घोळ होतो." ही सबब जुनी आहे. लंडनमध्ये शॅलिस आणि बर्जेस या दोघांनी १९९१ मध्ये तीन माणसांवरचा अभ्यास छापला. तिघांनाही डोक्याच्या पुढच्या भागाला इजा झालेली, पण बुद्धीच्या चाचण्यांत चांगले. त्यांना खऱ्याखुऱ्या बाजाररस्त्यावर सोडलं. पाव आणा, टोमॅटोचा भाव बघा, एवढ्या मिनिटांनी अमुक ठिकाणी हजर राहा, विनाकारण दुकानात शिरू नका. एकही काम अवघड नाही. तरी तिघांची त्रेधा उडाली. टेबलावर बसून कोडी सोडवताना समोरचा माणूस सांगत असतो, आता हे, आता ते, थांबा. रस्त्यावर असं सांगायला कोणी नसतं. मला तर यात काही नवल वाटलं नाही. मी बाजारात जातो तेव्हा पिशवीत चिठ्ठी असते आणि अर्ध्या वाटेत फोन येतो, "कोथिंबीर सांगायची राहिली." तुम्हीही असंच एकाग्र चित्ताने जात चला.

आता कार्यालयीन शिस्तीबद्दल थोडं सविस्तर, कारण हल्लीच्या पिढीला ती माहीत नाही. आमच्याकडे टपाल आलं की आधी बारनिशीत, म्हणजे आवक टपालाच्या वहीत, नोंद. तिथून कार्यासनाकडे, म्हणजे तो विषय बघणाऱ्याच्या टेबलाकडे, तिथे पुन्हा नोंद. मग सहा गठ्ठे. एक प्रलंबित प्रकरणांचा. दुसरा प्रतीक्षाधीन, म्हणजे चेंडू दुसऱ्याच्या अंगणात असलेली. तिसरा नियतकालिकांचा, अमुक तारखेला अमुक विवरणपत्र जायलाच हवं अशांचा. चौथा स्थायी आदेशांचा. पाचवा अभिलेख कक्षात पाठवायचा, सहावा नष्ट करायचा. टेबलावर बसलेल्या माणसाला काही आठवावं लागत नाही, गठ्ठा उघडला की काम समोर. दुसऱ्या खात्याने उत्तर दिलं नाही तर स्मरणपत्र. त्यालाही दाद दिली नाही तर स्मरणपत्र क्रमांक दोन. त्यानंतर साहेबांच्या सहीचं अर्धशासकीय पत्र. म्हणजे राज्यात कोणाच्याच काही लक्षात राहत नाही, हे गृहीत धरून ही व्यवस्था उभी आहे, आणि त्याबद्दल आजवर कोणत्याही खात्याला कोणी आळशी म्हटलेलं नाही. (म्हटलं असेल तर वेगळ्या कारणासाठी.) शिवाय सगळे एका खोलीत. शेजारचा खाली मान घालून लिहितोय म्हटल्यावर आपलीही मान आपसूक खाली जाते. भाची अभ्यासाला मैत्रिणीकडे जाते ती याचसाठी. दोघींचे विषय वेगळे, बोलतसुद्धा नाहीत, पण एकटीने बसलं की होत नाही म्हणे.

हे सगळं आम्हाला लागायचं कारण ते सरकारी काम होतं. तुमचं तर घरचं आहे. तुम्ही एकट्याने, एका खोलीत, विनागठ्ठा करा.

उदाहरणार्थ आयकर रिटर्न. डोक्यात एकच नोंद ठेवा, 'रिटर्न भरायचं'. मुदत साधारण ३१ जुलै. ही नोंद जूनपासून रोज मनात म्हणा. जुलैच्या शेवटच्या आठवड्यात एका रात्री लॅपटॉप उघडा. पासवर्ड आठवणार नाही. नवा करायला ओटीपी हवा. ओटीपी आधारला जोडलेल्या मोबाइलवर जातो. तो नंबर जुना, सिम बंद. नंबर बदलायला आधार केंद्रावर जायचं. जवळचं केंद्र कार्यालयीन वेळेतच उघडं, म्हणजे रजा हवी. रजेसाठी साहेबांना मेल करायला हवी, आणि साहेबांची आधीची एक मेल उत्तराविना पडली आहे, म्हणून इनबॉक्स उघडायचीच भीती वाटते. म्हणजे तुमचं पहिलं काम 'रिटर्न भरणे' नव्हतंच मुळी, 'साहेबांना दोन ओळी लिहिणे' हे होतं. पण असं उलगडून लिहायला बसलात तर यादी लांबते आणि आपण किती मागे आहोत ते दिसतं. त्यापेक्षा एकच शब्द डोक्यात असू द्या. शब्द छोटा असला की काम छोटं राहतं. विलंब शुल्क उत्पन्न पाच लाखांपर्यंत असेल तर १,००० रुपये, त्यापुढे ५,०००. ही रक्कम वाढदिवसासारखी दरवर्षी येते असं समजा.

वेळेचा अंदाज नेहमी उमेदीने करावा. १९९४ साली कॅनडातल्या संशोधकांनी प्रबंध लिहिणाऱ्या विद्यार्थ्यांना विचारलं, कधी संपेल? सरासरी उत्तर आलं ३४ दिवस. सगळं काही बिघडलं असं धरून सांगा म्हटलं, तर ४९. प्रत्यक्षात लागले ५५ हून जास्त. हे चांगले धडधाकट विद्यार्थी होते, कसलंही निदान नसलेले. म्हणजे अंदाज सगळ्यांचाच चुकतो. भाची यावरून म्हणते की मागच्या वेळी किती लागले होते ते बघून आकडा धरावा, आणि वर सढळ हाताने भर घालावी. मागच्या वेळेचं कशाला उकरून काढायचं? लग्नाला निघताना सगळा महाराष्ट्र 'पोचतोच, पाच मिनिटांत' असं घरातून सांगतो आणि लग्नं लागतातच की. फरक इतकाच, की सगळे उशिरा आले तर तो मुहूर्त पुढे गेला असं म्हणतात, तुम्ही एकटे उशिरा आलात तर तो तुमचा स्वभाव.

काळच दिसत नाही, अशीही तक्रार ऐकतो. 'आत्ता' आणि 'आत्ता नाही' एवढे दोनच काळ आहेत म्हणे. मग भाचीने टेबलावर काट्यांचं घड्याळ ठेवलं, सरकलेला वेळ डोळ्यांना दिसावा म्हणून. शिवाय जर्मनीतल्या कोणा गॉलवित्झर या मानसशास्त्रज्ञांनी १९९९ च्या लेखात सांगितलेली युक्ती: नुसतं 'गोळी घेईन' असं ठरवायचं नाही, 'चहाचा कप विसळून ठेवला की गोळी घेईन' असं ठरवायचं. एडीएचडी असलेल्या मुलांवरही हे करून बघितलं आणि फरक पडला म्हणतात. पोरखेळ आहे सगळा. माझी गोळी तर कपाच्या बशीतच ठेवलेली असते, मला असलं काही ठरवावं लागत नाही.

आता मुख्य औषध. बोलणी. ती दिवसातून तीनदा, शक्यतो जेवताना, पाहुण्यांसमोर असतील तर गुण लवकर येतो. घरात कोणी नसेल तर स्वतःची स्वतःला घालावीत. 'एवढंसं जमत नाही?' या वाक्यापासून सुरुवात करा. काही दिवसांत असं होतं की त्या कामाची नुसती आठवण आली तरी पोटात गोळा येतो आणि माणूस उठून दुसऱ्या खोलीत जातो, कपाट आवरायला घेतो, मोबाइल बघत बसतो. म्हणजे औषध लागू पडतंय. मात्रा वाढवा.

रसेल बार्कली नावाचे एडीएचडीचे एक अमेरिकन तज्ज्ञ आहेत. त्यांचं म्हणणं, या लोकांची अडचण काय करायचं हे माहीत नसण्याची नाहीच. माहीत असलेलं त्या क्षणी, त्या जागी करण्याची आहे. म्हणून आठवण डोक्यात नको, कामाच्या जागी हवी. बिल उंबऱ्याशी, किल्ली दाराच्या खिळ्याला, औषध बशीत. सल्ल्याचा फारसा उपयोग नाही! हे वाचून मला वाईट वाटलं. मग आमच्यासारख्यांनी निवृत्तीनंतर करायचं काय?

थोडं आटोपतं घेतो, नोव्हेंबर आलाय. आम्हा पेन्शनवाल्यांना दर नोव्हेंबरात हयातीचा दाखला द्यावा लागतो. मी जिवंत आहे, हे मला पक्कं माहीत आहे, बँकेतले मला ओळखतात, कोषागारात तर अर्धे माझ्या हाताखाली होते. तरी लेखी द्या, सही करा, तारीख टाका. मी एकदाही चुकवलेलं नाही. पण यंदा आमच्या सौ. बहिणीकडे नागपूरला गेल्या आहेत त्या अजून परतल्या नाहीत, आणि भाची परीक्षेत आहे. तुमच्यापैकी कोणाला शेवटची तारीख ठाऊक असेल तर कृपया कळवावं. बाकी काही शंका असतील त्याही लेखीच पाठवा. फोनवर सांगू नका, माझ्या लक्षात राहत नाही.