सुरईवरची ‘नॅक्सोसची वाइन’ खरंच नॅक्सोसची?

‘आल्प्सच्या पायथ्याचे केल्ट लोक थेट ग्रीसच्या नॅक्सोस बेटावरून वाइन मागवायचे, आणि याचा लेखी पुरावा आहे’ हा दावा भरपूर शेअर होतो. (केल्ट म्हणजे युरोपातला एक प्राचीन लोकसमूह.) पुरावा म्हणजे उत्तर इटलीत ऑर्नावासोच्या दफनभूमीत सापडलेली, इ. स. पू. दुसऱ्या-पहिल्या शतकातली मातीची सुरई. तिच्यावर लेपोंटिक या केल्टिक भाषेत कोरलंय: ‘लातुमारुइ सापसुताइपे उइनोम नाशोम’.

‘लातुमारोस आणि सापसुता यांच्यासाठी वाइन’ इथपर्यंत वाद नाही. सापसुताला मागून चिकटलेला ‘पे’ म्हणजे ‘आणि’, आपल्या संस्कृत ‘च’चा सख्खा भाऊ. भांडण आहे ते एकट्या ‘नाशोम’चं.

दाव्याचा पहिला आधार उच्चाराचा: नाशोम, नॅक्सोस, जुळलं! मग मराठी माणसाने तिथे ‘नशा’ का वाचू नये? वाइनशी तीही छान जमते.

त्यात ‘श’ ही माझी सोय. मूळ लिपीतल्या त्या खुणेचा उच्चार त्स, स्त की स्स, यावरच खल चालू आहे. क्स मानायचा तर आधी ‘क्सचा स्स झाला’ असं एक ध्वनिपरिवर्तन गृहीत धरावं लागतं. शिवाय ‘नॅक्सोसचं’ याला ग्रीकमध्ये नॅक्सिओन, लॅटिनमध्ये नॅक्सिउम. दोन्हींत ‘इ’ आहे, सुरईवर नाही. तो गळाला असेल, अशक्य नाही. पण ही दुसरी सवलत झाली.

‘नॅक्सोसची वाइन तेव्हा प्रसिद्धच होती’ हे खरं. आर्किलोकस या ग्रीक कवीने तिची तुलना देवांच्या अमृताशी केली होती. मात्र तो इ. स. पू. सातव्या शतकातला, सुरईच्या पाच-सहाशे वर्षं आधीचा.

‘वाइन ग्रीक, म्हणजे शब्दही ग्रीक’ हे तर सरळ उलटं पडतं. ग्रीक शब्द ओइनोस, लॅटिन वीनुम. उइनोममधला ‘ओइ’ऐवजीचा ‘इ’ इटलीकडे बोट दाखवतो. शब्द शेजारून आला, तर बाटलीतला माल एजियन समुद्रातूनच आला असणार हा हट्ट कशाला?

सुरईचा घाट स्थानिक आहे, बसकट भोवऱ्यासारखा. इटालियन अभ्यासक तिला भोवरा-सुरईच म्हणतात. त्यावरून आत ओतलेली वाइन कुठली ते ठरत नाही, हे दोन्ही पक्षांना लागू. ‘नॅक्सोसची’ हे वाचन जुनं आहे, अभ्यासकांनीच सुचवलेलं आहे. फक्त त्याच्यापुढे प्रश्नचिन्ह हवं.