प्रेम करायचं, पण धरून ठेवायचं नाही?

कुणाचं नातं तुटलं की दोन प्रकारचे लोक हमखास भेटतात. एक म्हणतो, 'काळ हेच औषध.' दुसरा म्हणतो, 'बुद्धांनी सांगितलंय, सगळं अनित्य आहे, सोडून दे.' मला दुसऱ्याचा राग जास्त येतो. बुद्धांचं नाव घेऊन समोरच्याला गप्प बसवणं फार सोपं असतं.

मज्झिम निकाय या पाली ग्रंथात बुद्धांच्या उपदेशांचा संग्रह आहे, त्यात पियजातिक सुत्त आहे. एकुलता एक मुलगा गेलेला बाप बुद्धांकडे येतो. बुद्ध म्हणतात, शोक प्रियजनांपासूनच उपजतो. बापाला ते पटत नाही, तो उठून जातो. (मीही उठले असते.) ही गोष्ट कोसलच्या राजा पसेनदीच्या कानावर जाते. तोही आधी मल्लिका राणीची थट्टाच करतो: तुझे गौतम काहीही म्हणाले की तू मान डोलावतेस! मग राणी त्याला विचारते, आपली लेक वजिरी तुम्हाला प्रिय आहे ना? तिचं काही बरंवाईट झालं तर? राजा वरमतो. पण 'मग लेकीवर जरा कमी माया करा' असं मल्लिका कुठेच म्हणत नाही.

आणि अनित्यता काही मरणाची वाट बघत बसत नाही. माझी एक जुनी मैत्रीण आहे. पूर्वी रात्री-अपरात्री फोन करून तास तास बोलायची, आता मेसेजला 'हो गं, बोलू' एवढंच उत्तर येतं. फोन वाजतो, स्क्रीनवर भलतंच नाव दिसतं आणि छातीत बारीकसं काहीतरी खचतं. ही वेदना. मग 'तिचाच यायला हवा होता', ही तण्हा, म्हणजे तृष्णा. मग 'माझी मैत्रीण अशी नाहीच मुळी', हे उपादान, म्हणजे घट्ट धरून ठेवणं. दुःख कशातून कसं उपजतं हे सांगणाऱ्या साखळीच्या, प्रतीत्यसमुत्पादाच्या, बारा कड्यांपैकी तीन, आणि अजून फोन उचललेलाही नसतो! मी धरून ठेवलं होतं ते तिला नव्हे, तिच्या जुन्या रूपाला. ती आपली पुढे गेली, नव्या कामात, नव्या माणसांत रमली. तिने माझं काही वाईट केलेलं नाही.

बौद्ध भाष्यकार बुद्धघोषांनी विसुद्धिमग्ग या आपल्या ग्रंथात एक मार्मिक गोष्ट सांगितली आहे. मैत्रीचा जवळचा शत्रू राग, म्हणजे आसक्ती. उपेक्षेचा, म्हणजे इथे मनाच्या समतोलाचा, जवळचा शत्रू अज्ञानातली बेपर्वाई. जवळचा अशासाठी की तो दिसायला अगदी मित्रासारखाच. 'मला आता काही फरक पडत नाही' म्हणणारी माणसं बऱ्याचदा या दुसऱ्या शत्रूच्या घरी मुक्कामाला असतात, असं माझं मत.

पंचवीस वर्षं बुद्धांची सेवा केलेला त्यांचा शिष्य आनंद, बुद्धांचा अंत जवळ आला तेव्हा, कुशिनाऱ्यात दाराला टेकून रडला. बुद्धांनी त्याला बोलावून घेतलं. आवडत्या प्रत्येक गोष्टीपासून वियोग अटळ आहे, हे स्पष्ट सांगितलं. त्याच दमात त्याने मनापासून केलेल्या सेवेचं कौतुक केलं आणि भिक्खूंना त्याचे गुणही सांगितले.

मैत्रिणीचा वाढदिवस मी अजूनही विसरत नाही. शुभेच्छा पाठवून फोन बाजूला ठेवते. तासाभराने उत्तर आलं का ते बघते, तेवढी तण्हा शिल्लक आहे.