‘आम्हाला काय कळतंय त्यातलं’

बेळगावात हल्ली महिला मेळावा म्हटला की पैशावरचं एक व्याख्यान ठरलेलं. बचत गटाचा कार्यक्रम असो, सोसायटीचं हळदीकुंकू असो की कॉलेजातला महिला दिन, वक्ते सांगतात की बँकिंग, शेअर बाजार, सीएचा व्यवसाय अशा क्षेत्रांत बाई मागे पडते ती स्वतःच्या मनामुळे. स्वतःशी बोलायची भाषा बदला, रोज सकाळी आरशासमोर ‘मी यशस्वी आहे, पैसा माझ्याकडे येतो आहे’ असं म्हणा, पुढचं आपोआप घडेल. अशाच एका भाषणाचा व्हिडिओ आमच्या घरच्या ग्रुपवर आला आणि दोन तट पडले. शहापूरची माझी मामेबहीण सीए फायनलच्या तयारीत आहे, तिला ते ऐकून उभारी आली. मामा मात्र चिडले. ‘मन कसलं बदलताय? इथं बँकेत लागायचं तर कन्नड पाहिजे, बरी नोकरी पाहिजे तर बेंगळूर नाहीतर पुणं गाठायला पाहिजे, आणि पोरीला एकटीला कोण सोडतंय?’

मी नेदरलँड्समधल्या एका बँकेत कर्जांची जोखीम तपासण्याचं काम करते. हा वाद इथेही चालतो, आणि इथल्याच एका पाहणीमुळे माझं त्याबद्दलचं मत पक्कं झालं आहे.

अर्थतज्ज्ञ ॲनामारिया लुसार्डी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी डच स्त्री-पुरुषांना पैशाबद्दलचे तीन साधे प्रश्न विचारले. एक व्याजाचा, एक महागाईचा, एक सगळा पैसा एकाच ठिकाणी न गुंतवता जोखीम विभागण्याचा. व्याजाचा प्रश्न असा: खात्यात १०० आहेत, वर्षाला २ टक्के व्याज, तर ५ वर्षांनी १०२ पेक्षा जास्त होतील, कमी होतील की बरोबर १०२? उत्तरांमध्ये ‘माहीत नाही’ हाही पर्याय होता, आणि बायकांनी तो पुरुषांपेक्षा कितीतरी जास्त निवडला. काही आठवड्यांनी तेच प्रश्न पुन्हा विचारले, पण ‘माहीत नाही’ काढून टाकून. आता काहीतरी उत्तर देणं भाग होतं. तेव्हा याच बायकांनी बऱ्याचदा अचूक उत्तर दिलं. स्त्री-पुरुषांच्या आर्थिक ज्ञानात जो फरक दिसतो, त्यातला साधारण एक तृतीयांश फरक नुसत्या आत्मविश्वासाचा आहे, असा या संशोधकांचा अंदाज आहे.

हा अभ्यास सामान्य नागरिकांचा आहे, बँकेतल्या अधिकाऱ्यांचा नाही, हे मला ठाऊक आहे. तरी वाचताना मला आमची गल्ली दिसत होती. वर्षानुवर्षं भिशी चालवणाऱ्या, कुणाचा हप्ता कधी चुकला ते तोंडपाठ असणाऱ्या बायका, आणि बँकेतला माणूस घरी आला की त्यांचं एकच उत्तर: ‘आम्हाला काय कळतंय त्यातलं, ह्यांना विचारा.’

पिग्मी गोळा करणाऱ्या बायकांचंच बघा. दुकानदाराकडून रोज थोडी थोडी रक्कम घेऊन खात्यात भरायची ही पद्धत सिंडिकेट बँकेने १९२८ मध्ये दोन आण्यांपासून सुरू केली, आणि आजही आपल्याकडच्या सोसायट्या, म्हणजे पतसंस्था, पिग्मीवर उभ्या आहेत. गणपत गल्लीत मी एका आक्कांबरोबर एक अख्खी दुपार फिरले होते. हातात छोटं मशीन, खांद्याला पिशवी. एका भांड्यांच्या दुकानात मालकाने दोनशेऐवजी पन्नास पुढे केले. आक्कांनी पावती काढता काढता विचारलं, ‘श्रावण संपला तरी गिऱ्हाईक नाही होय? समोरच्यानं उधारी सुरू केलीय, म्हणून असणार.’ बाहेर पडल्यावर मला म्हणाल्या की हे दुकान दिवाळीपर्यंत अडचणीत येणार. धंदा आटतोय हे हप्ता थकायच्या आधी ओळखणं, यासाठी आमच्या बँकेत वेगळा विभाग आहे, संगणकावर चालणारी प्रारूपं आहेत, शिकलेली माणसं आहेत. आक्कांना मी विचारलं की कर्ज मंजूर करणाऱ्या समितीत तुम्हाला बसवलं तर? त्या म्हणाल्या, ‘आमचं काय काम तिथं? आपण पैसे न्यायचे नि भरायचे.’

मनातला हा आवाज त्यांचा एकटीचा नाही. आधी तो कुणीतरी बाहेरून ऐकवलेला असतो. मामेबहिणीच्या आर्टिकलशिपमध्ये, म्हणजे सीए होण्यासाठी ऑडिट फर्ममध्ये करायच्या उमेदवारीत, काय चाललं होतं ते मी जवळून पाहिलं. उद्यमबागेतल्या फाउंड्रीत, म्हणजे धातू ओतण्याच्या कारखान्यात, स्टॉक मोजायला जायचं असलं की मुलगे जायचे आणि मुलींना ऑफिसात व्हाउचर तपासायला बसवायचे. त्यामागे वाईट हेतू नव्हता. ‘तिथं धूळ असते, उशीर होतो, तुम्ही कशाला त्रास घेता’ अशी काळजीच असायची. पण वर्ष सरल्यावर ती हुशार मुलगी मला सांगत होती की कारखान्याचं ऑडिट तिला जमणार नाही. तिने फाउंड्री आतून पाहिलीच नव्हती! अशा मुलीला आरशासमोर उभं करून काय होणार?

उलट अपाय होण्याची शक्यता आहे. कॅनडातल्या मानसशास्त्रज्ञ जोआन वुड यांनी २००९ मध्ये दाखवून दिलं की ज्यांचं स्वतःबद्दलचं मत आधीच कमी आहे, त्यांना स्वतःची स्तुती करणारं वाक्य पुन्हा पुन्हा म्हणायला लावलं तर त्यांना आणखी वाईट वाटतं. मन ते वाक्य मान्य करत नाही, आतून उलट उत्तर देतं. स्वतःशी बोलण्याचा उपयोग नाही असं मात्र मी म्हणणार नाही. मानसशास्त्रज्ञ ईथन क्रॉस यांच्या २०१४ च्या प्रयोगात भाषणाआधी ‘मी’ न म्हणता स्वतःला नावाने हाक मारून समजावणाऱ्या लोकांची घालमेल कमी झाली आणि भाषणही बरं झालं. मोठ्या बैठकीआधी मी हे करते, आणि मला त्याचा फायदा होतो. पण बैठकीत बसायला मिळाल्यावरची ही गोष्ट आहे.

आणि उरलेल्या दोन तृतीयांशांचं काय? ते खरंच ज्ञान आणि सवय यांतलं अंतर आहे, आणि ते व्यवहार हातात आल्याशिवाय भरत नाही. साताऱ्यातल्या म्हसवडच्या माणदेशी बँकेची हकिकत आपल्याकडे सगळ्यांना पाठ असायला हवी. चेतना सिन्हा यांनी महिलांची सहकारी बँक काढायचं ठरवलं तेव्हा रिझर्व्ह बँकेने अर्ज नाकारला, कारण सभासद बायका निरक्षर होत्या. त्या बायका पुन्हा अधिकाऱ्यांसमोर गेल्या आणि म्हणाल्या, आम्हाला लिहिता-वाचता येत नाही, पण हिशेब येतो. व्याज काढायला सांगा, आम्ही तोंडी काढतो. १९९७ मध्ये बँक सुरू झाली. त्या तिथे असं म्हणू शकल्या, कारण रोजचा हिशेब त्यांच्याच हातात होता.

‘तिकडच्या बायका बिनधास्त असतात’ असं मला घरी नेहमी ऐकवलं जातं. नेदरलँड्समध्ये १९५६ पर्यंत लग्न झालेली बाई कायद्याने व्यवहाराला अपात्र होती. नवऱ्याच्या परवानगीशिवाय तिला बँकेत खातं उघडता येत नव्हतं. आजही इथल्या निम्म्याहून अधिक नोकरदार बायका अर्धवेळ काम करतात आणि वरच्या खुर्च्यांपर्यंत थोड्याच पोचतात. माझी एक अनुभवी डच सहकारी प्रत्येक वेळी ‘माझं चुकत असेल, पण’ असं म्हणूनच तोंड उघडायची. तिला कुणी मनाच्या प्रशिक्षणाला पाठवलं नाही. आमच्या विभागप्रमुखांनी बैठकीची रीत बदलली. चर्चा सुरू होण्याआधी प्रत्येकाने आपला अंदाज, म्हणजे हे कर्ज बुडण्याची शक्यता किती, तो आकडा कागदावर लिहून द्यायचा आणि सगळे कागद एकदम उघडायचे. तिचे आकडे वारंवार बरोबर ठरायला लागले, सगळ्यांसमोर. काही महिन्यांत तिचं ते ‘माझं चुकत असेल’ आपोआप गळालं. त्या पाहणीत ‘माहीत नाही’ हा पर्याय काढला होता, इथे गप्प बसण्याचा पर्याय काढला.

मामांच्या बाजूनेही सांगायला हवं. ऑस्ट्रेलियातल्या सुमारे ४,६०० नोकरदारांच्या माहितीवर झालेल्या अभ्यासात दिसलं की बायका पगारवाढ पुरुषांइतकीच मागतात, पण मागणाऱ्या पुरुषांपैकी २० टक्क्यांना ती मिळते आणि बायकांपैकी १५ टक्क्यांना. ‘तू मागत नाहीस म्हणून मिळत नाही’ हा उपदेश तिथे लागू पडत नाही. तसंच, बँकेच्या क्लार्क भरतीत राज्याची भाषा यावी लागते, आणि मराठी माध्यमातल्या मुलीचं कन्नड जेमतेम असतं. ही मानसिकतेची अडचण नव्हेच. पण मामा तिथेच थांबतात आणि मी थांबू शकत नाही. सीमाप्रश्नाचा दावा २००४ पासून सर्वोच्च न्यायालयात आहे. तो निकाली निघेपर्यंत खानापूर-निपाणीच्या मुलींनी वाट बघायची का? मी इथे येऊन डच शिकले, तेव्हा माझं मराठीपण कुणी मोजलं नाही. ज्या समित्या मराठी शाळा टिकवण्यासाठी झटतात, त्यांनी त्याच शाळांत संध्याकाळी बँक परीक्षेपुरतं कन्नड शिकवावं, अशी माझी मनापासून मागणी आहे.

घरातही करण्यासारखं आहे. गृहलक्ष्मीचे महिन्याचे २,००० रुपये कर्नाटक सरकार बाईच्या खात्यात टाकतं, पण एटीएम कार्ड किती घरांत मुलाच्या पाकिटात असतं? ते तिच्याकडे राहू दे, पिन तिला पाठ असू दे, पासबुक भरायला तीच जाऊ दे. पहिल्यांदा मशीनसमोर गोंधळ झाला तर होऊ दे.

आणि सोसायट्या. दोन्ही राज्यांत काम करणाऱ्या बहुराज्य सहकारी संस्थांच्या संचालक मंडळात बायकांसाठी २ जागा राखीव आहेत. सही बाईची आणि बोलणं तिच्या नवऱ्याचं, हे अनेकांनी पाहिलेलं आहे. त्या जागांवर पिग्मी गोळा करण्याचा अनुभव असलेल्या सभासद बायका आणायला काय हरकत आहे? कर्जाच्या प्रत्येक प्रकरणावर प्रत्येक संचालकाने आधी आपलं मत लिहून द्यावं, असा ठराव करता येतो, त्याला पैसा लागत नाही. वार्षिक सभा सप्टेंबरअखेरपर्यंत घ्यावी लागते. सभासदांनी या वेळी अहवाल हातात घेऊन एवढं विचारावं: गेल्या वर्षी कर्जप्रकरणांवरच्या बैठकांना महिला संचालक स्वतः किती वेळा हजर होत्या, आणि त्यांचं मत इतिवृत्तात कुठल्या पानावर आहे?