पाताळात उतरणाऱ्यांसाठी काही हितकारक सूचना

बेलमची गुहा पाहायची तर मे महिन्यातच जावं. आंध्रातल्या नंद्याल जिल्ह्यात, रायलसीमेच्या तापलेल्या माळाखाली ती आहे आणि मेमध्ये तिथे पारा चाळिशी सहज ओलांडतो. पण मुलांना सुट्टी तेव्हाच असते, शिवाय "जमिनीखाली गारच असणार" हे अख्ख्या घराला एकमताने पटलेलं असतं. गुहेला हे कोणी कळवलेलं नसतं. आत हवा खेळत नाही आणि दमटपणा असा की पहिल्याच वळणावर शर्ट पाठीला चिकटतो. म्हणून तर बाहेरची ताजी हवा यंत्राने आत सोडण्याची सोय करावी लागली आहे. तुम्ही मात्र काकूंनी सांगितल्याप्रमाणे सगळ्यांची स्वेटरं घ्या.

पुण्याहून सहाशे किलोमीटरच्या वर अंतर आहे. पहाटे चारला निघायचं ठरवून सातला निघावं, म्हणजे सोलापूर येईपर्यंत उशीर कोणामुळे झाला यावर सविस्तर चर्चा होते. आंध्रात शिरलात की सकाळी रस्त्याकडेच्या हॉटेलात उग्गानी मिळते, सोबत मिरचीची भजी. भिजवलेल्या चुरमुऱ्यांचा हा प्रकार म्हणजे सोलापूर-मराठवाड्याकडच्या सुशीलाचा सख्खा भाऊ. तो खाऊ नये. "पोहे आहेत का?" असं मराठीत, मग हिंदीत, मग मोठ्या आवाजात हिंदीत विचारावं आणि नाहीत म्हटल्यावर घरून आणलेल्या दशम्या सोडाव्यात. पुढे ताडिपत्रीत विजयनगर काळातली दोन अप्रतिम देवळं लागतात, त्यांचं कोरीवकाम पाहायला अर्धा दिवस पुरत नाही. गाडीतून नमस्कार करा. मॅपवर वेळ वाढत चाललेली असते.

आता दगडाविषयी. ही गुहा काळ्या चुनखडीत आहे. पाणी मातीतून झिरपताना कार्बन डायऑक्साइड घेतं, किंचित आंबट होतं आणि चुनखडी विरघळवत खाली उतरतं. असं लाखो वर्षं चाललं आणि ३,२२९ मीटर लांबीची भुयारं तयार झाली. मेघालयातल्या गुहा वगळल्या तर देशात हिच्या तोडीची लांब गुहा नाही. त्यातली साधारण दीड किलोमीटर आपल्याला पाहता येते. हे शास्त्र समजून घ्यायला खरं तर घराबाहेर पडायची गरज नव्हती. आपल्या स्वयंपाकघरांतला काळा ओटा ज्याचा असतो तो कडप्पा याच मुलखातला, शेजारच्या जिल्ह्याचं नाव घेऊन महाराष्ट्रात आलेला, चुनखडीच. लिंबू पिळताना चार थेंब त्यावर सांडले आणि पुसायचे राहिले की सकाळी पांढरट डाग दिसतो आणि "कोणी सांडलं?" याची चौकशी बसते. गुहेत तेच झालं आहे, फक्त तिथे लाखो वर्षं कोणी फडकं मारलेलं नाही. पण हे बरोबरच्या मंडळींना सांगू नका. एवढी गाडी हाकून आलेल्या माणसाला तू ओटा बघायला आला आहेस असं म्हणणं बरं दिसत नाही. (त्यातून त्याने मॉड्युलर किचनसाठी जुना कडप्पा नुकताच उखडून टाकला असेल, तर मुळीच नको.)

आत शिरल्यावर दगडाकडे दगड म्हणून बघायचं नाही, हा मुख्य नियम. प्रत्येक दगडात काहीतरी 'दिसलं' पाहिजे. गाइड सांगतो, हा सिंहाचा जबडा, ही कोटी लिंगं, हे हजार फणे, या वडाच्या पारंब्या. ठिबकत्या पाण्यातला चुना साचून छतातून लोंबणाऱ्या लवणस्तंभांकडे नुसतं पाहिलं तरी माणूस गप्प व्हावा, पण गप्प होण्यासाठी आपण गाइड केलेला नसतो. तुम्हाला फणे दिसले नाहीत तरी "अरे हो, हो!" म्हणा. मामांना मात्र गणपती दिसेपर्यंत कोणी जागचं हलू नये, कारण गणपती दिसल्याशिवाय मराठी माणसाचं तिकीट वसूल होत नाही. हा दोष आपलाच आहे असंही नाही. अमेरिकेत व्हर्जिनियात लुरेची प्रसिद्ध गुहा आहे, तिथे दोन तुटलेल्या लवणस्तंभांचे बुंधे 'तळलेली अंडी' म्हणून कौतुकाने दाखवतात. त्यांना नाश्ता दिसतो, आपल्याला देव. तेच बुंधे आपल्याकडे असते तर एव्हाना हळदकुंकू वाहून शेजारी दानपेटी आली असती.

इतिहास विचारू नये, पण कोणी सांगितलाच तर ऐकून घ्यावा. रॉबर्ट ब्रूस फूट या ब्रिटिश भूगर्भतज्ज्ञाने १८८४ साली या गुहेची नोंद केली. पुढे १९८२-८३ मध्ये डॅनियल गेबाउअर यांच्या जर्मन पथकाने आत उतरून तिचा तपशीलवार शोध घेतला. मधल्या शंभर वर्षांत तिकडे कोणी फिरकलंच नाही असं मात्र म्हणता येणार नाही. आसपासचे लोक कचरा टाकायला येत होते. मग गावातल्याच काही मंडळींनी सरकारचा पिच्छा पुरवला, साफसफाई झाली, वाटा बांधल्या, दिवे लागले आणि २००२ साली गुहा पर्यटकांना खुली झाली. तेव्हा चिप्सचं रिकामं पाकीट खडकाच्या फटीत खोचताना अपराधी वाटून घेऊ नका. खंडित झालेली परंपरा कोणीतरी पुढे न्यायला हवीच.

लवणस्तंभाला हात लावल्याशिवाय परत येऊ नये. पाणी ठिबकत राहिलं तर तो वर्षाला जेमतेम मिलीमीटरचा दहावा हिस्सा वाढतो. देवगिरीवर यादव राज्य करत असताना पहिला थेंब पडला असेल, तर आज कुठे बोटभर झाला असेल. हाताचा तेलकटपणा त्याला लागला की पाण्यातला चुना तिथे नीट धरत नाही आणि वाढ खुंटते. म्हणजे सातशे वर्षांचं काम तुम्ही एका बोटाने थांबवू शकता. एवढी सत्ता एरवी सोसायटीच्या चेअरमनलाही नसते. रंगीत दिव्यांच्या उजेडात खडकावर शेवाळ धरतं ते वेगळंच, पण हिरव्या-जांभळ्या प्रकाशाशिवाय फोटो तरी कसे यावेत?

पुढे सप्तस्वरांची गुहा लागते. तिथल्या दगडांवर टिचकी मारली की धातूसारखा नाद येतो. गाइड हलकेच वाजवून दाखवेल. तुम्ही गाडीच्या किल्लीने वाजवा, मग स्टीलच्या बाटलीने. मुलगी तबल्याच्या पहिल्या परीक्षेला बसली असेल तर तिला तिथे त्रिताल वाजवू द्या आणि शूटिंग करा.

नाव कोरायची इच्छा झाली तर मनात कार्ल्याचं लेणं आणावं. तिथल्या खांबांवरही नावं आहेत, धेनुकाकट गावच्या यवनांची, म्हणजे ग्रीकांचीसुद्धा. पण त्या भाबड्या लोकांनी आधी खांबासाठी दान दिलं आणि मग नाव घातलं. आपल्याला किल्लीच्या टोकाने तेच फुकट साधतं, शिवाय बाण मारलेलं बदामही काढता येतं.

सर्वांत खोल जागा पाताळगंगा, ४६ मीटर खाली. तिथे पाण्याची बारीक धार दिसते आणि खडकात नाहीशी होते. गुडघेदुखीवाले काका वरच्या पायरीवर बसून "तुम्ही जाऊन या, मला फोटो दाखवा" म्हणतात. अख्ख्या सहलीत शहाणा माणूस तेवढाच.

बाहेर पडताना "याच्यापेक्षा आपलं अजिंठा!" हे वाक्य म्हणायचं राहू देऊ नका. त्यावर कोणी सांगू लागेल की अजिंठा माणसांनी छिनीने खोदलं, इथे कोणी काही खोदलेलं नाही, आणि आपल्या बेसाल्टात पाण्याला अशी गुहा करता येत नाही. त्याला शांतपणे सांगा, "तेच म्हणतोय मी. आपण मेहनत केली."

मग साठेक किलोमीटरवरच्या गंडिकोट्याला जाऊन पेन्ना नदीच्या घळीच्या अगदी काठावर पाठमोरं उभं राहून रील करावी. दरम्यान मोबाइलला रेंज आलेली असते. गुहेला पाचपैकी दोन तारे द्यावेत, "आत फार अंधार" असा शेरा लिहावा आणि हिरव्या-जांभळ्या उजेडातले सगळे फोटो नातेवाइकांच्या ग्रुपवर सोडावेत. पहिलं उत्तर नाशिकच्या आत्याचं येईल, "वा, सुंदर! वेरूळ ना?" हात जोडल्याचं चिन्ह पाठवून मोकळं व्हावं.